वाटाड्याची खुर्ची

“सहा खुर्च्या मांड,” केळुसकर सर म्हणाले. “टोळी सहांची ना? मग खुर्च्याही सहा. कॅमेऱ्यात छान दिसतील.”

मांडल्या. टेबलाच्या एका बाजूला ओळीने सहा. समोर स्टँडवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या मागे कंपनीच्या दोन खुर्च्या, एक सरांची आणि एक माझी. प्रत्येक पाहुण्यासमोर पाण्याची बाटली, पेन, छापील फॉर्म आणि नावाची पाटी. पाच पाट्यांवर माणसांची नावं होती. सहावीवर नुसतं ‘सहावा गडी’ असं छापलेलं होतं, कारण खेळाच्या चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या फोरमवर त्या नावाने लिहिणारा माणूस खरा कोण ते सरांना ठाऊक नव्हतं.

“हा काही येत नाही,” सर ती पाटी सरळ करत म्हणाले. “असले लोक घरात बसून लिहिण्यात वाघ. समोर या म्हटलं की शेपूट घालतात. पण खुर्ची राहू दे. रिकामी दिसली म्हणजे लोकांना कळेल, ओरडणारे किती पाण्यात आहेत ते.”

मी “हं” म्हणाले आणि बाटलीचं लेबल कॅमेऱ्याकडे वळवलं.

याला आता बारा वर्षं झाली. पुण्यात एरंडवण्यात केळुसकर सरांची कॉम्प्युटर गेम बनवणारी लहानशी कंपनी होती आणि ‘भुयारगड’ हा खेळ मी दोन वर्षं रचत होते. मी म्हणजे सुवर्णा बिराजदार, मूळ सोलापूरची. खेळ अगदी जुन्या वळणाचा. आपले सहा गडी आपणच घडवायचे, त्यांना नावं द्यायची आणि गडाखालच्या भुयारात उतरवायचे. एका वेळी एकच घर पुढे सरकायचं. लढाई आली की प्रत्येकाने आपापली पाळी खेळायची. मेला तो मेला. आणि मुख्य म्हणजे पडद्यावर नकाशा नाही. चौकटीचा कागद घ्या, पेन्सिल घ्या आणि तुमचा तुम्ही काढा.

सहा गड्यांत ढालकरी, तलवारबाज, तिरंदाज, वैदू आणि मांत्रिक हे पाच कामाचे. सहावा वाटाड्या. त्याला लढता येत नव्हतं. लढाई सुरू झाली की तो मागे भिंतीला चिकटून उभा राहायचा. त्याचं काम एकच. प्रत्येक पावलाला पडद्याच्या तळाशी तो एक ओळ बोलायचा: ‘तोंड पूर्वेला. समोर भिंत. डावीकडे वाट.’ तो मेला की ती ओळ गेली. मग तुमचं तोंड कुठे आहे, तुम्ही आत चाललाय की बाहेर, काही कळायचं नाही. पाच शूरवीर चार पावलांवर जिना असताना उपाशी मरायचे. त्याच्या सगळ्या ओळी मी लिहिल्या होत्या. साडेचारशे.

खेळ दूरवर पोचवायला बंगळूरची एक मोठी कंपनी तयार झाली, तेव्हा पहिला बळी गेला तो त्याचाच. बंगळूरहून निरोप आला, “हा करतो काय नक्की? नुसता बोलतो. काढा त्याला. त्याच्या जागी डोक्यावर एक बाण दाखवा.” मग वैदू गेला, कारण वीर आपोआप बरा व्हायला लागला. मग एकेक करत सगळेच गेले आणि उरला एक वीर आणि एक बाण. बंगळूरवाल्यांची एकच अट राहिली होती. जुन्या खेळांचे चाहते फार बोंबा मारतात, ते या बदलावर खूश आहेत असं दाखवणारी एक चित्रफीत पाठवा. म्हणून ही सहा खुर्च्यांची बैठक.

बोंबा तर जोरात चालू होत्या. बदलाची बातमी फुटल्यापासून फोरमवर नुसती धुमश्चक्री होती, आणि तिच्या मध्यभागी हा सहावा गडी. एके दिवशी सरांनी त्याचं एक वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं: “टोळीतला एक माणूस कमी करा म्हणणाऱ्याने आधी सांगावं, त्याच्या स्वतःच्या घरात जास्तीचं कोण आहे.” वाचून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. “घरापर्यंत जातोय हा माणूस!” तेव्हाही मी “हं” म्हणाले होते. त्या दिवसांत मी फार वेळा “हं” म्हणत असे.

बैठकीच्या आदल्या दिवशी सरांनी माझ्याकडून ‘चाहत्यांच्या मतांचा गोषवारा’ टाइप करून घेतला.

“पण सर, माणसं उद्या यायची आहेत.”

“मग?”

“मतं आजच कशी लिहायची?”

“मत काय येणार ते प्रश्नावर ठरतं, सुवर्णा. प्रश्न मी तयार केलेत.” असं म्हणून ते छान हसले. माणूस वाईट नव्हता. वाढदिवसाला सगळ्यांना आठवणीने केक आणायचा. फक्त दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घेण्यापेक्षा ते लिहून टाकणं त्याला सोपं वाटायचं.

मी मुकाट्याने टाइप केलं. एका वीराचा का होईना, खेळ निघावा आणि त्यावर आपलं नाव असावं, असा लोभ होता मला. आज लाज वाटते, पण लोभच तो, दुसरं काय म्हणणार.

सगळ्यांत आधी आले ते सोलापूरचे अंबादास येमुल. साठी उलटलेली, पांढरा सदरा, कानावर पेन्सिल, आणि काखेतल्या कापडी पिशवीत लांबलचक ग्राफच्या वह्या. चादरींच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं डिझाइनचे ग्राफ काढले होते. चादरीवरचा मोर आधी कागदावर एकेक घर रंगवून तयार करावा लागतो. हजारो घरं, आणि एक घर चुकलं की मोराची मान मोडते. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो बसवायला आलेला इंजिनिअर त्यात एक भुयाराचा खेळ विसरून गेला होता. येमुलकाकांनी तो डिझाइनच्याच कागदावर नकाशे काढून चार वर्षांत संपवला.

“तू सोलापूरची नव्हं?” माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचून त्यांनी विचारलं. “बिराजदार म्हणजे आमच्याकडलीच.”

“व्हय काका,” मी म्हणाले. दोन वर्षांत त्या ऑफिसात मी पहिल्यांदाच ‘व्हय’ म्हणाले असेन.

मग साताऱ्याच्या दातांच्या डॉक्टर घोरपडेबाई आल्या, मिरजेचा फैजान आला, तो तिथे कॉलेजात शिकत होता, आणि नगरचे काळोखे पती-पत्नी आले. काळोखे आपल्या गड्यांना ऑफिसातल्या साहेबांची नावं देत आणि त्यांना एकेक करून मारत. बायको त्यांना जिवंत करत बसे. सहावी खुर्ची रिकामीच राहिली.

सकाळी सगळ्यांनी नवा खेळ खेळून पाहिला. जुना नमुना त्यांच्याकडे सहा महिने होता. त्यात भुयाराचे वरचे दोन मजले होते आणि ते उतरायला प्रत्येकाला आठवडा-पंधरा दिवस लागले होते. नवे तेच दोन मजले बाणाच्या मागे जाऊन पाचही जणांनी चाळीस मिनिटांत संपवले. येमुलकाकांनी सवयीने वही उघडली, पेन्सिल हातात घेतली, पडद्याकडे पाहिलं आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

“काका, काढत नाही नकाशा?” मी विचारलं.

“बाण हाय की. काढायचं काय त्यात?”

जेवणाआधी सर म्हणाले, “मोकळेपणाने बोला. कॅमेरा बंद आहे.” त्यांना वाटलं असावं, पाहुणे चार गोड शब्द बोलतील. पण जुन्या खेळांची चाहती माणसं म्हणजे काय चीज असते, ते त्यांना माहीत नव्हतं.

“सेव्ह कुठेही करता आलं पाहिजे,” घोरपडेबाईंनी सुरुवात केली. “तुमच्या जुन्या नमुन्यात आधी धर्मशाळेपर्यंत परत जावं लागतं. मला दोन पेशंटच्या मधे दहा मिनिटं मिळतात. मी धर्मशाळा गाठेपर्यंत पेशंट आ वासून बसलेला असतो.”

“मग भ्याच वाटायचं नाय,” येमुलकाका म्हणाले. “परतल्याबगर सेव्ह नाय, म्हणून तर माणूस पाय जपून टाकतो. पेशंटला सांगा, बाबा, तोंड मीट जरा.”

“मला तयार गडी नकोत,” फैजान म्हणाला. “आपण घडवायचे. तयार गड्याला त्याची स्वतःची दुःखं असतात, मग ती ऐकत बसा.”

“ऐकायला काय झालं?” काळोखेवहिनी उसळल्या. “सहा माणसं महिनाभर भुयारात आहेत आणि एकमेकांशी एक शब्द नाही? आमच्या घरातसुद्धा इतकं नसतं.”

“असतं,” काळोखे म्हणाले.

पाऊण तास हे चाललं. मेलेला गडी परत जिवंत व्हावा की नाही, मांत्रिकाचे खर्च झालेले मंत्र झोपल्यावर परत यावेत की दर पावलाला, उपासमार हवी की नको. एकाही गोष्टीवर दोघांचं जमेना. मी टिपणं घेत होते आणि हसू आवरत होते. दोन वर्षांत माझ्या खेळाबद्दल इतकं जीव तोडून कोणी भांडलं नव्हतं.

सरांनी समाधानाने हात पसरले. “बघा. पाच माणसं आणि पंधरा मतं. तुमचंच तुमच्यात जुळत नाही. मग एकच वीर ठेवणं शहाणपणाचं नाही का?”

“जुळलं असतं तर टोळी कशाला लागली असती, साहेब?” येमुलकाका म्हणाले. “एकटाच गेला असता की जो तो.”

सर हसले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “कॅमेरा बंद होता तेच बरं झालं.”

जेवणानंतर चहाचा कप घेऊन मी गच्चीत उभी होते. येमुलकाका एका हातात चहा आणि दुसऱ्यात वही घेऊन आले आणि त्यांनी ती कठड्यावर उघडली. पहिला मजला, दुसरा मजला. माझे मजले त्यांच्या हातचे, एकेक घर, एकेक दार, पेन्सिलीने नीट भरलेलं. मी चुकून ठेवलेली एक बंद खोलीसुद्धा त्यांनी हेरून बाजूला प्रश्नचिन्ह काढलं होतं. पुढच्या पानावर वर ‘मजला ३’ लिहिलेलं आणि खाली सगळं कोरं.

“त्या सहाव्याचं लिवलेलं सगळं वाचतो मी,” ते म्हणाले. “चांगलं लिवतो. एका जागी त्यानं लिवलंय, वाटाड्या नसला तर तिसऱ्या मजल्यावर टाकीपाशी टोळी गोल गोल फिरून मरणार. टाकीला चारी अंगानं सारख्याच कमानी हायत म्हणून.”

“असं?”

“मी वही काढून बघितलो. दोनदा बघितलो. आम्हाला तुम्ही दिलेत दोन मजले. मग ही टाकी आली कुठनं?”

मी कप कठड्यावर, वहीच्या शेजारी ठेवला.

होय, मीच. सहावा गडी मीच होते. ऑफिसात “हं” म्हणायचं आणि घरी जाऊन त्याच तोंडाने फोरमवर आग ओकायची, असं दीड महिना चाललं होतं. आणि चूक केली तीही नकाशे काढणाऱ्या माणसाला शोभेल अशीच. ते मजले माझ्या डोक्यात इतके पक्के बसले होते, की लोकांना कोणता दिलाय आणि कोणता अजून कंपनीच्या बाहेरच पडलेला नाही, ते लिहिण्याच्या भरात साफ विसरले. सरांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी खेळाचा तिसरा मजला कधी पाहिलाच नव्हता.

“कोणाला बोललात काका?”

“नाय. शेकड्यानं माणसं वाचलीत, एकाला उमगलं नाय. वही ठेवतो कोण आता?” त्यांनी वही मिटली, पिशवीत घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाटी ठेवलाव त्याची. खुर्ची ठेवलाव. पाण्याची बाटली पण ठेवलाव.”

“व्हय.”

“गरम होऊलालंय त्याचं पाणी.”

मला त्यांचा रागच आला. एवढं सरळ बोलून झाल्यावर ते आरामात चहा फुंकत उभे राहिले. यांना काय जातंय, संध्याकाळच्या गाडीने सोलापूरला निघून जातील, सोमवारी ऑफिसला मला यायचंय, असं मनात म्हणत मी आत गेले.

आत फॉर्म भरून झाले होते. पाच प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बाणामुळे वाट सापडणं सोपं झालं का? सहापेक्षा एक वीर सांभाळणं सोपं आहे का? वेळ वाचला का? याला खोटं न बोलता कोणी काय उत्तर देणार? सगळ्यांनी पाच-पाच दिले होते. येमुलकाकांचा फॉर्म तेवढा कोरा होता.

“काका, तुमचं राहिलं,” सर म्हणाले.

“यात मला पायजे तो प्रश्न नाय.”

“बरं, तोंडी सांगा. बाण होता तर वाट लवकर सापडली की नाही?”

“सापडली.”

“झालं तर मग.” सरांनी आपल्याच पेनाने त्यांच्या फॉर्मवर पाच लिहिले आणि फॉर्म गठ्ठ्यात सरकवला. “चला, कॅमेरा सुरू करू. सुवर्णा, गोषवारा वाच. ठणठणीत आवाजात.”

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. त्याच्या शेजारी उभं राहून मी वाचायला लागले. आदल्या दिवशी माझ्याच बोटांनी टाइप केलेला कागद.

“एक. बाणामुळे वाट सापडणे सोपे झाले, असे सर्व प्रतिनिधींचे मत पडले. दोन. एकच वीर सांभाळणे अधिक सोपे आहे, असे सर्व प्रतिनिधींचे मत पडले.”

“अहो, पण सोपं म्हणजे चांगलं असं कुठे म्हटलं आम्ही?” काळोखेवहिनी म्हणाल्या. सरांनी हाताने त्यांना थांबवलं. “वाच पुढे.”

“तीन. जुन्या पद्धतीच्या टोळीची आता गरज नाही, असा या सर्व मतांचा एकत्रित अर्थ निघतो. चार.” चौथं कलम काय आहे ते मला पाठ होतं. तरी मी ते वाचलं. “सहाव्या प्रतिनिधींना निमंत्रण देऊनही ते उपस्थित राहिले नाहीत. सबब त्यांची हरकत नाही असे धरण्यात आले आहे. अशा प्रकारे वरील निर्णय सहाही प्रतिनिधींच्या…”

पुढचा शब्द ‘संमतीने’ असा होता.

“जो आलाच नाय, त्याचं मत कसं लिवलाव?” येमुलकाकांनी विचारलं. सरांना नव्हे, मला.

“काका, सभेचा तसा नियमच असतो,” सर म्हणाले. “सुवर्णा, वाच. एक शब्द राहिलाय.”

मी कागदाची घडी घातली. एकदा, मग आणखी एकदा. मग कॅमेऱ्याच्या पुढून गेले, टेबलाला वळसा घातला आणि सहाव्या खुर्चीत बसले. बाटलीचं झाकण काढून दोन घोट पाणी प्यायले. खरंच गरम झालं होतं.

“सुवर्णा,” सर कुजबुजले, “तू कॅमेऱ्यात येते आहेस.”

“माहीत आहे, सर.”

“ऊठ तिथून. तुझी खुर्ची इकडे आहे.”

“ही माझीच आहे. पाटी तुम्हीच छापून घेतलीत.” मी ती पाटी उचलून छातीशी धरली, फोटोला धरतात तशी. “सहावा गडी हजर आहे. आणि त्याची हरकत आहे.”

फैजानच्या तोंडून “च्यायला” निघालं आणि त्याने लगेच तोंडावर हात ठेवला. येमुलकाका शांतपणे समोर पाहत होते.

सरांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा आधी दुखावला आणि मग तापला. “ते सगळं तू लिहीत होतीस? माझ्याच ऑफिसात बसून?”

“घरून, सर.”

“कशासाठी? एका न लढणाऱ्या वाटाड्यासाठी?”

“हो. त्याच्यासाठीच.” मग मी बोलायला लागले, आणि दीड महिना लिहूनही जे लिहिता आलं नव्हतं ते तोंडून निघून गेलं. “सांगलीच्या वसतिगृहात आम्ही सहा मुली होतो आणि कॉम्प्युटर एक. असाच सहा गड्यांचा खेळ. प्रत्येकीला एक गडी. मी वर्गात सगळ्यांत शेवटी आलेली, मराठीसुद्धा धड बोलता येत नव्हती, कानडी हेल यायचा. पाच गडी पाचजणींनी वाटून घेतले, सहावा नावाला माझा. कीबोर्डला हात लावायला मला जागाच मिळेना. एकीने दया म्हणून वही दिली आणि म्हणाली, तू नकाशा काढ. तीन वर्षं काढला. त्या खेळात मी एकदाही तलवार उचलली नाही. पण एका पंधरवड्यात मी काविळीने गावी पडले होते, आणि त्या पाचजणी पंधरा दिवस जिन्याच्या दारात बसून राहिल्या. माझ्याशिवाय पुढे गेल्या नाहीत. परत आले तेव्हा एकजण म्हणाली, आलीस का बाई, आता सांग. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण कोणीतरी आहोत. तुम्ही त्या माणसाला काढता आणि त्याच्या जागी बाण लावता. बाणाची वाट बघत कोणी दारात बसत नाही, सर.”

आवाज चढला होता माझा. चढला तर चढला. खाली आणायची इच्छा नव्हती.

सरांना आता त्या लिखाणातलं एक वाक्य आठवलं असावं. मग त्यांनी हातातला फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “टाकी,” ते म्हणाले. “तू तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीबद्दल लिहिलं होतंस. तो मजला बाहेर गेलेला नाही. तो कंपनीचा आहे. याचा अर्थ काय होतो, कळतं तुला?”

“कळतं.” मी गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि पाटीशेजारी ठेवलं. “तो मजला तुमचा. पहिला ठेवा, दुसरा ठेवा, टाकी पण ठेवा. माझ्याकडे अजून आहेत.”

त्यांनी कॅमेरा बंद केला.

पुढे भुयारगड निघाला. एका वीराचा, बाणासकट. दोन रविवार लोकांनी तो खेळला आणि तिसऱ्या रविवारी त्याचं नाव निघालं नाही. माझं नाव त्यावर नव्हतं, आणि मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. आम्हा सहाजणांचा खेळ यायला चार वर्षं लागली. सेव्ह कुठे करावं यावर डॉक्टर आणि येमुलकाका पहिल्या दिवसापासून भांडत आले, अजूनही फोनवर भांडतात. पण तेव्हा त्या खोलीत यातलं काहीच नव्हतं. महिन्याचं घरभाडं कसं भरायचं आणि आईला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“बैठक संपली आहे,” सर दार उघडून उभे राहिले. “आपण सगळ्यांनी निघायला हरकत नाही.”

कोणी उठलं नाही. काळोखेंनी तर आपली बाटली उघडली. येमुलकाकांनी पिशवीतून वही काढली, ‘मजला ३’ लिहिलेलं कोरं पान उघडून तळहाताने सपाट केलं आणि कानावरची पेन्सिल घेतली. बाकीच्यांनी आपापल्या खुर्च्या त्या पानाच्या बाजूला ओढल्या.

“सांग,” येमुलकाका म्हणाले.

मी डोळे मिटले. आत अंधार होता, आणि अंधारात मला सगळं दिसत होतं.

“पायऱ्या उतरून आलो. तोंड पूर्वेला. समोर भिंत.”

त्यांनी भिंतीची रेघ ओढली, मोराच्या मानेची ओढतात तशी, न थरथरता.

“आन् वाट?”

“डावीकडे,” मी म्हणाले. “तुम्ही काढत राहा, काका. मी सांगते.”